मोडीत न निघणारा लोहमार्ग

पन्नाशी ओलांडलेल्या ज्या कुणाचे शिक्षण खेड्यातल्या प्राथमिक शाळेत झाले आहे, त्याने रेल्वेच्या पुनर्वापराचा पहिला धडा नकळत घेतलेला असतो. शाळेच्या ओसरीला किंवा अंगणातल्या कडुनिंबाला तारेने टांगलेला हात-दीड हात लांबीचा लोखंडी तुकडा आणि त्यावर ठोका द्यायला एक जाडजूड खिळा, ही शाळेची घंटा. तो तुकडा बहुधा रुळाचा असे. ज्या तालुक्यात आजवर रेल्वे आलेली नाही, तिथेही तिचे हे तुकडे पोहोचले होते. रुळाचे पोलाद कणखर आणि कार्बनयुक्त असल्याने त्याचा नाद गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. साध्या लोखंडी कांबीचा तसा जात नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत टाकाऊ प्लास्टिकचे स्लीपर, टायरच्या रबराचे थर, राखेचे भराव यांच्या बातम्या वारंवार येतात आणि त्या सगळ्यांचा सूर ‘रेल्वे आता टाकाऊतून टिकाऊकडे वळते आहे’ असा असतो. मी अभियंता नाही. जुन्या रुळांवरची अक्षरे वाचण्याच्या नादाने या विषयात शिरलो आणि मग रेल्वेचे नियमग्रंथ, जुनी पाठ्यपुस्तके आणि निवृत्त मुकादमांच्या गप्पा यांतून जे हाती लागले ते जमवत गेलो. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की लोहमार्ग हा पहिल्यापासूनच पुनर्वापरावर चालणारा संसार आहे. नव्या बातम्यांतले खरे किती आणि वरवरचे किती हे तपासायची कसोटी त्या जुन्या संसारातच मिळते.

रेल्वेच्या भाषेत रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या एकत्रित रचनेला ‘पर्मनंट वे’ म्हणतात. नाव फसवे आहे. बांधकामाच्या काळात कंत्राटदार माती वाहण्यासाठी कच्चे रूळ टाकी. ते काढून नंतर जो पक्का मार्ग घातला जाई तो ‘पर्मनंट’. एरवी त्यात कायमचे असे काहीच नसते. एकाच ठिकाणचा मार्ग शंभर वर्षे जुना असला, तरी त्यातला रूळ, स्लीपर, खडी, खिळे सगळे अनेकदा बदललेले असते.

आधी रुळाचे पाहू. रुळाच्या उभ्या पट्टीवर ठरावीक अंतराने उठावाची अक्षरे असतात. रूळ तप्त असताना लाटणीच्या रोलरमधूनच ती उमटतात. कारखान्याचे नाव, रुळाचा प्रकार आणि वजन, पोलाद कोणत्या पद्धतीने केले त्याची खूण, महिना आणि वर्ष, एवढी माहिती त्यात असते. रुळाची ही जन्मपत्रिका तो तुटेपर्यंत त्याच्या अंगावर राहते. मी कुंपणाचे खांब, जुन्या फलाटांच्या छपराचे आधार, पादचारी पुलांचे कठडे यांवरची ही अक्षरे वहीत उतरवून घेतो. गंज खरवडावा लागतो, कधी खडू घासून अक्षर उठवावे लागते. पण एकदा वाचता आले की समोरच्या खांबाला इतिहास येतो: हा कधी घडला, कुठे घडला. मुख्य मार्गावर आयुष्य काढून तो इथे निवृत्त झाला, हे मग ओघाने कळते.

हे निवृत्त होणे एका फटक्यात होत नाही. रुळाचे वय वर्षांत मोजत नाहीत. त्याच्यावरून किती वजन गेले त्यावर मोजतात. त्याचे एकक दहा लाख टन. आज मुख्य मार्गांवर असतो त्या मीटरला ६० किलो वजनाच्या आणि प्रचलित दर्जाच्या रुळाचे आयुष्य साधारण ८०० एकके, म्हणजे ८० कोटी टन धरतात. ५२ किलोच्या रुळाचे ५२५. वर्षाला ४० एकके वाहतूक असलेल्या मार्गावर ६० किलोचा रूळ वीस वर्षे पुरेल, असा हिशेब. शिवाय झिजेची मर्यादा आहे: ६० किलोच्या रुळाचा माथा उभ्या दिशेने १३ मिलिमीटर झिजला की तो बदलायला येतो.

आता एक गणित करू. या रुळाचा माथा ७२ मिलिमीटर रुंद असतो. तेरा मिलिमीटरचा थर गेला म्हणजे मीटरमागे सुमारे सात किलो पोलाद गेले. ६० पैकी ७. म्हणजे पूर्ण झिजून ‘मोडीत’ निघालेल्या रुळातही जवळजवळ सात अष्टमांश पोलाद शिल्लक असते. एका किलोमीटर मार्गात दोन रुळांचे मिळून १२० टन पोलाद असते. त्यातले शंभर टनांहून अधिक जागेवरच असते. याला टाकाऊ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

रेल्वेने तो कधी केलाही नाही. मार्ग बदलण्याच्या कामाचे नियमातच दोन प्रकार आहेत. सगळा माल नवा वापरला तर प्राथमिक नूतनीकरण. दुसरीकडून काढलेला माल पूर्णतः किंवा अंशतः वापरला तर दुय्यम नूतनीकरण. मुख्य मार्गावरून उतरलेल्या रुळाची अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासणी होते. पोटात भेग नसेल तर दोन्ही टोके कापून टाकतात, कारण जोडाच्या बोल्टची भोके आणि चाकांनी ठोकून चेपलेला भाग तिथेच असतो. उरलेले तुकडे पुन्हा जोडून कमी वाहतुकीच्या शाखेवर, मग लूप लाईनवर, मग मालधक्क्याच्या साईडिंगवर, अशा पायऱ्या रूळ उतरत जातो. ज्या साईडिंगवरून दिवसाला एखादी मालगाडी गोगलगायीच्या गतीने जाते, तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सनाचा रूळ सापडणे यात नवल नाही. अगदी शेवटी खांब, कुंपण, तुळई. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत आणि शेतातल्या विहिरीवर आडवा टाकलेला रूळ अनेकांनी पाहिला असेल.

आणि त्याहीनंतर भट्टी. इथे मात्र माझी एक तक्रार आहे. लिलावात गेलेले पोलादी भंगार जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन भट्ट्यांत वितळते आणि त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. इंडक्शन भट्टी वितळवते, पण फारसे शुद्धीकरण करत नाही. आत जे घातले तेच बरेचसे बाहेर येते. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के असतो, मँगनीज साधारण एक टक्का. म्हणजे त्याची घडण नेमकी ठाऊक असते आणि त्यात तांब्यासारखी घाण जवळजवळ नसते. मोटारींच्या भंगारात वायरिंगचे तांबे शिरते आणि ते पोलादातून नंतर काढता येत नाही. अशा पेटीपॅक भंगाराला सरमिसळ ढिगात टाकून सळई करणे म्हणजे पैठणी फाडून पोतेरे करण्यासारखे आहे. सळई वाईट नाही, तिलाही गिऱ्हाईक आहे; पण रुळाचा रूळ होऊ शकतो. फ्रान्समध्ये सें-सॉल्व येथील विद्युत भट्टीत भंगार वितळवून त्या पोलादाचे रूळ अयांज येथील कारखान्यात लाटतात आणि फ्रेंच रेल्वेचे जुने रूळ त्या भंगारात जातात. आपल्याकडे भिलाईत रूळ होतात ते खनिजापासून, झोतभट्टीच्या मार्गाने. त्या मार्गाने टनभर पोलाद काढताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. भंगार वितळवण्याच्या मार्गाने त्याच्या कितीतरी कमी, अर्थात वीज कशाची आहे यावर ते अवलंबून. प्लास्टिकच्या स्लीपरपेक्षा ही बाब किती तरी मोठी आहे, पण ती छायाचित्रात येत नाही.

स्लीपरची कथा रुळाच्या उलट दिशेने गेली आहे. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यानंतरच्या काही दशकांत देशभर जो लोहमार्ग पसरला त्याची भूक प्रथम जंगलाने भागवली. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. अकरा स्लीपर म्हणजे सुमारे एक घनमीटर घडीव लाकूड. किलोमीटरला दीड हजारांच्या आसपास स्लीपर धरले तर १३५ घनमीटरांच्या वर लाकूड, आणि तेही दहा-पंधरा वर्षांत पुन्हा. हिमालयातला देवदार तोडून नद्यांतून खाली सोडला जाई. सालाची, सागाची जंगले कुऱ्हाडीखाली आली. १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला, यामागे वनप्रेमापेक्षा स्लीपर पुढेही मिळत राहावेत ही काळजी अधिक होती. आदिवासींचे जंगलावरचे हक्क ज्या कायद्यांनी आवळले, त्यांच्या मुळाशी रुळाखालचे लाकूड आहे.

मऊ लाकूड टिकावे म्हणून त्यात दाबाखाली क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे तेल, मुरवत. पंजाबात ढिलवान, आसामात नाहरकटिया, बरेलीजवळ क्लटरबकगंज आणि केरळात ओलवक्कोड येथे असे कारखाने होते. ते तेल विषारी असल्याने युरोपात त्यावर आता कडक बंधने आहेत. आपल्याकडे जुन्या स्लीपरची बाके, झोपाळे आणि जेवणाची टेबले हौसेने केली जातात. साग असेल तर उत्तमच, त्याला मुळात तेल लागत नसे. पण काळपट, डांबराचा वास येणारे लाकूड असेल तर ते घरात आणू नये आणि चुलीत तर मुळीच घालू नये.

लाकडाला पर्याय म्हणून बिडाचे स्लीपर आले. आधी उपड्या भांड्यासारखे, पुढे ‘सीएसटी ९’ नावाचा प्रकार, जो भारतात अनेक दशके लाखांनी वापरला गेला: दोन बाजूंना दोन बिडाच्या बैठका आणि त्यांना जोडणारी एक पोलादी पट्टी. फुटला तर वितळवा आणि पुन्हा ओता. पुनर्वापराच्या दृष्टीने इतका सरळ स्लीपर दुसरा झाला नाही. तरी तो गेला. बीड विजेचे वाहक, त्यामुळे रुळांतून प्रवाह सोडून गाडीची जागा ओळखणाऱ्या सिग्नल यंत्रणेला तो अडचणीचा. वेग वाढला तसा तो मार्ग घट्ट धरेना. आणि भंगारात ज्याला भाव तेच चोरीला जाते, हा नियम त्यालाही लागू होता.

मग काँक्रीट. आपल्या ब्रॉडगेजवरचा नेहमीचा काँक्रीट स्लीपर पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरतो. त्यात तीन-तीन तारा पिळलेले अठरा पेड ताणून बसवलेले असतात. त्यासाठी सिमेंटचा वेगळा प्रकारच आहे, ‘५३-एस’. त्यातला ‘एस’ स्लीपरचा. आयुष्य ५० वर्षे धरतात. जंगल वाचले, मार्ग स्थिर झाला, लांबच लांब सलग जोडलेले रूळ शक्य झाले. काँक्रीट स्लीपरचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याला परत वितळवता येत नाही.

या पार्श्वभूमीवर प्लास्टिकच्या स्लीपरकडे पाहावे. इंग्लंडमध्ये २०२१ साली विल्टशायरमधल्या शेरिंग्टन व्हायाडक्टवर टाकाऊ प्लास्टिकचे स्लीपर घातले गेले. मेलबर्नच्या रिचमंड स्थानकात २०१९ मध्ये असाच प्रयोग झाला. इटलीत काँक्रीटच्या गाभ्यावर टायरचे रबर आणि टाकाऊ प्लास्टिक यांचे कवच चढवलेला स्लीपर तयार झाला. जपानमध्ये १९८० च्या दशकापासून काचतंतू आणि युरेथेन यांचे स्लीपर वापरात आहेत; पण ते टाकाऊ मालाचे नाहीत, नवीन मालाचे आहेत. बातम्यांत सगळ्यांना एकच ‘कंपोझिट’ नाव मिळते आणि वाचकाची गफलत होते.

पुलाचा उल्लेख आला तो योगायोग नव्हे. लोखंडी गर्डरच्या उघड्या पुलावर खडी नसते. स्लीपर थेट गर्डरवर बसतो. तिथे काँक्रीट जड आणि ताठ पडते. शिवाय गर्डरवरच्या रिव्हेटांची डोकी आणि पट्ट्या चुकवण्यासाठी स्लीपरला जागेवर खाचा घ्याव्या लागतात, आणि ताणलेल्या तारांचा काँक्रीट स्लीपर कापता येत नाही. म्हणून पुलांवर लाकूड सर्वांत शेवटपर्यंत टिकले. आपल्याकडे त्याची जागा बरीचशी पोलादी स्लीपरांनी घेतली. लाकडी स्लीपरच्याच मापाचा प्लास्टिकचा केला तर तो नव्वद-शंभर किलोंचा होईल. लाकडासारखा करवतीने कापता येईल, भोक पाडता येईल, कुजणार नाही. इथे त्याची बाजू खरोखर बळकट आहे.

पण मोकळ्या मार्गावर? ज्या पॉलिथिनचे डबे आणि पिंपे होतात ते तापले की मीटरमागे एका अंशाला सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढते. आपले रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटरवर असतात. विदर्भातली जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत स्लीपरच्या तपमानात ४५ अंशांचा फरक पडला, तर नुसत्या पॉलिथिनच्या स्लीपरवर हे अंतर सुमारे नऊ मिलिमीटरने बदलेल. काँक्रीटवर ते एक मिलिमीटरही बदलत नाही. मार्गाच्या रुंदीत सूट असते ती काही मिलिमीटरांची. त्यातून प्लास्टिक सततच्या भाराखाली हळूहळू सरकते, वाकते, आणि भार काढला तरी पूर्ण मूळपदावर येत नाही. उपाय आहे: काचतंतू मिसळायचे. मग प्रसरण बरेच आवरते आणि ताठपणा येतो. पण काचतंतूंचे मिश्रण पुन्हा दळून वितळवले की तंतू तुटून आखूड होतात, आणि पुढच्या स्लीपरला ते बळ राहत नाही. म्हणजे दुधाच्या पिशव्यांचा स्लीपर झाला. स्लीपरचे पुढे काय? मोडीत निघताना रुळापाशी शंभर टन ओळखीचे पोलाद होते. प्लास्टिकच्या स्लीपरपाशी कोणते प्लास्टिक, किती तंतू, कोणते रंग आणि रसायने, याची जन्मपत्रिका असेल का? रुळावर ती पोटात लाटलेली असते. स्लीपर बनवणाऱ्याने ती साच्यातच उमटवावी, अशी अट खरेदीच्या करारात घालणे अवघड नाही.

खरे तर प्लास्टिक आपल्या मार्गात केव्हाच आले आहे, फक्त कुणी बातमी केली नाही. काँक्रीट स्लीपर आणि रूळ यांच्यामध्ये रबराची गादी असते. रूळ धरून ठेवणाऱ्या पोलादी क्लिपखाली काचतंतूयुक्त नायलॉनचा लायनर असतो. स्लीपरमागे दोन गाद्या आणि चार लायनर. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे ३३२० गाद्या आणि ६६४० लायनर. गाद्या काही वर्षांत चेपून निकामी होतात आणि बदलल्या जातात. रुळाकडेने चालताना त्या खडीत पडलेल्या दिसतात. एकाच मापाची, एकाच प्रकारची, एकाच मालकाची ही टाकाऊ वस्तू गोळा करून तिचे रबर चुरणे, हे शहरातल्या कचऱ्यातून प्लास्टिक वेचण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

चुरलेल्या रबराला मार्गात जागाही आहे. खडी आपोआप झिजते. गाडीच्या प्रत्येक चाकाचा दणका तिच्या कडांवर बसतो, आणि ती सैल झाल्यावर पुन्हा ठासणाऱ्या यंत्राची दाती तिला आणखी फोडतात. ६५ ते २० मिलिमीटरच्या टोकदार दगडाचे गोल गोटे आणि भुकटी होते. वर मालगाड्यांतून सांडलेला कोळसा. पाणी अडते, चिखल होतो. म्हणून निदान दहा वर्षांतून एकदा खडी खोलपर्यंत उपसून चाळायची, असा नियम आहे. चांगला दगड परत आत, भुकटी बाहेर. पूर्वी हे काम गँगमन फावडे, पंजा आणि जाळी घेऊन हाताने करत. आता मुख्य मार्गांवर रुळाखालून साखळी फिरवणारे यंत्र करते. पुनर्वापर या शब्दाची फॅशन येण्यापूर्वीपासून उन्हातान्हात तो करत आलेली ही माणसे आहेत. रेल्वेच्या पर्यावरण-अहवालात त्यांचाही उल्लेख असावा, असे मला वाटते.

स्लीपरखाली किंवा खडीखाली रबराचा थर घातला तर दणका मऊ होतो आणि खडी कमी फुटते. ऑस्ट्रेलियातले मूळचे श्रीलंकेचे प्राध्यापक बुद्धिमा इंद्ररत्ने यांनी या दिशेने दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या एका प्रयोगात जुन्या टायरची एक बाजू कापून काढतात, टायर आडवे ओळीने मांडतात आणि त्यांत दगड भरतात. टायरच्या कड्यामुळे दगड बाजूला पसरू शकत नाहीत आणि थर घट्ट राहतो. सिडनीजवळ चुलोरा येथे प्रत्यक्ष मार्गाखाली हे करून पाहिले आहे. मला ही कल्पना प्लास्टिकच्या स्लीपरपेक्षा अधिक भावते, कारण टायर इथे टायरच राहतो. तो वितळवावा लागत नाही, फक्त त्याच्या बळकट कड्याचा उपयोग करून घेतात. सह्याद्रीत एका डोंगराची खडी झाली की तो डोंगर परत येत नाही. खडीचे आयुष्य वाढवणे म्हणजे थेट खाणी कमी करणे. त्या मानाने राखेच्या भरावाचे तंत्र साधे आहे: आत वीजकेंद्राची राख, बाहेरून मातीचे जाड कवच, कारण उघडी राख पावसात वाहून जाते. कवच नीट आहे ना एवढे पाहिले म्हणजे झाले.

पुढची मोठी अडचण प्लास्टिकची नसून काँक्रीटची आहे. भारतीय रेल्वेचा धावता मार्ग एक लाख किलोमीटरहून अधिक आहे. किलोमीटरला सोळाशे स्लीपर धरले तरी सोळा कोटी. वजन चार कोटी टनांच्या पुढे. हे स्लीपर मोठ्या प्रमाणावर बसायला लागले १९८० च्या दशकात, म्हणजे पन्नास वर्षांची मुदत येत्या दशकापासून भरू लागेल. हे काँक्रीट अतिशय कडक असते आणि आतल्या ताणलेल्या तारा ते सहजी सोडत नाहीत. जबड्याच्या यंत्रात चिरडून, चुंबकाने तारा वेगळ्या करून त्याची बारीक खडी करता येते; ती फलाटाच्या भरावात, खडीखालच्या थरात, पादचारी रस्त्यांत चालेल. त्यासाठी यंत्रे कुठे बसवायची, पावणेतीनशे किलोंचा एकेक नग तिथवर कोणत्या गाडीने न्यायचा, हे ठरवायला हवे. तूर्त मोडके स्लीपर स्टेशनांच्या हद्दीला आडवे रचून कुंपण केलेले दिसते. त्यांच्या अंगावरही नकाशाचा क्रमांक, कारखान्याची खूण आणि घडवल्याचे वर्ष उठावाने असते. माझ्या वहीत त्यांच्यासाठी मी निराळी पाने राखली आहेत. आतापर्यंत ती निम्मी भरली आहेत.